वाढत्या अंगाचं

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत प्रेमदास टेलरचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या तुरपाईचं कौतुक करतात. शाळेचा गणवेश शिवावा तर त्यानंच. पोरगं पाचवीत असताना शिवलेली पँट सातवीपर्यंत चालायची, कारण पायाशी चार बोटं कापड आत दुमडलेलं असायचं, आणि कमरेला मागं एवढं मार्जिन, की पोरगं फुगलं तरी उसवून सैल करता यावं. आयाबाया दुकानाची पायरी चढतानाच सांगायच्या, भाऊ, वाढत्या अंगाचं घ्या बरं. प्रेमदास गालात हसायचा. हे त्याला सांगायची गरज होती का? सारी उमर त्या मशीनवर गेली, पण या माणसानं कुण्या लेकराचं कापड कधी अंगाबरोबर कापलं नाही. कापलं असतं तर त्याला ते पाप वाटलं असतं.

त्याची लेक नंदिनी मात्र पाण्याची निघाली. घरात कुणाला पोहता येत नव्हतं, बायको मीराबाईला तर नदीच्या पुलावरून जाताना डोळे मिटायची सवय. पण नंदिनीला वर्ध्याच्या स्विमिंग पूलवर शाळेनं नेलं आणि तिथं ती तळाला जाऊन बसली ती वर येईचना. शिकवणाऱ्या अश्विन सरांनी घाबरून उडी मारली, तर ही आतून त्यांच्याकडं बघत होती. सरांनी तेव्हाच ओळखलं. एका दमात पाण्याखालून जास्तीत जास्त लांब जायचं, असा एक खेळ असतो. दोन्ही पायांना मिळून एकच शेपूट घालायचं, माशासारखं, त्याला मोनोफिन म्हणतात. अंग छातीपासून पायापर्यंत लाटेसारखं हलवायचं आणि दम संपेपर्यंत वर यायचं नाही. सर तो खेळ शिकवायचे आणि नंदिनीनं तो जणू आधीच शिकून ठेवला होता.

वर्गात ती शेवटच्या बाकावरची. कुणी नाव विचारलं तरी मान खाली. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, मीराबाईची पोरगी मुकी आहे का गं? पाण्याखाली मात्र तिला कुणी काही विचारत नव्हतं आणि तिथं ती सगळ्यांच्या पुढं होती. जूनमध्ये नागपूरला राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होणार होती. वयाच्या हिशेबानं नंदिनीची ही शेवटचीच संधी. तिला जगात दुसरं काही म्हणजे काही नको होतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तोवर ती पूलवरचं जुनं शेपूट वापरायची. कुणीतरी देऊन टाकलेलं, पातं पातळ, नरम, कडेनं तडकलेलं. डिसेंबरात ते एकदाचं मोडलं. प्रेमदासनं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की लेकीला नवं घ्यायचं, स्वतःचं. पैशाचं कसं केलं ते सोडा, केलं. एका शब्दानंही त्यानं कुरकुर केली नाही, उलट गिऱ्हाइकांना अडवून अडवून सांगत सुटला.

अश्विन सर मुद्दाम दुकानात आले. जयभीम काका म्हणत स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. या शेपटाचं पातं तीन जातीचं येतं, नरम, मध्यम आणि कडक. पाय घालायला रबराचे दोन खोळे असतात, ते पात्याला चिकटवूनच येतात, मागून बदलता येत नाहीत. म्हणून मापाला एकदाच संधी. पाय संध्याकाळी मोजायचा, दिवसभराचा थोडा सुजलेला असतो तेव्हा, अनवाणी, कागदावर ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून.

"काका, खोळा कातडीसारखा बसला पाहिजे," सर म्हणाले. "अन् पातं नरमच मागवा. पोरीच्या पायात जेवढा जोर आहे, तेवढ्यानं ते वाकलं पाहिजे. पातं नाई वाकलं तं कंबर वाकते."

प्रेमदासनं मान डोलावली. माप घ्यायचं काम सरांनी त्याच्यावरच टाकलं. म्हणाले, तुमच्याइतका मापाचा माणूस मला कुठं मिळणार? आता बोला! ज्याच्या भरवशावर टाकायला नको होतं, नेमकं त्याच्याच भरवशावर टाकलं.

संध्याकाळी नंदिनी खाकी कागदावर उभी राहिली. प्रेमदासनं गुडघे टेकून तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. कधीकाळी एवढीशी असलेली ती पावलं बघून त्याचा जीव सुपाएवढा झाला. मग कात्री घेतली आणि कापलं. कुठून कापलं? रेषेवरून? छे! रेषेबाहेरून, बोटभर सोडून, जसं आयुष्यभर कापत आला तसंच. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. तो कागद त्यानं घडी घालून कुरिअरनं नागपूरच्या दुकानदाराकडं धाडला.

पातं मात्र त्यानं समजून उमजून बदललं, ते नाकारता यायचं नाही. दुकानदार फोनवर बोलघेवडा होता. म्हणाला, नरम पातं शिकाऊ लोक नेतात, साल दीड सालात पायात ताकद आली की सगळे परत येतात, कडक द्या म्हणतात. बस. प्रेमदासच्या कानात तेवढंच शिरलं. सालभरानं जे लागणारच आहे ते आजच का घेऊ नये? पोरगी काय आहे तेवढीच राहणार आहे का? तिची ताकद वाढेल, पाय भरतील, आणि तेव्हा हे शेपूट तिच्या कामी येईल. त्यानं कडक सांगितलं. सरांना फोन करून सांगितलं, की नरम शिल्लक नव्हतं. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण लेकीच्या भल्याचं म्हणून बोलला, आणि फोन ठेवल्यावर त्याला हुशारी केल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत शेपूट आलं. काय देखणी वस्तू! काळंभोर, चकचकीत, दारात उभं केलं तर मीराबाईच्या कमरेला लागेल एवढं मोठं. शेजारपाजार बघायला जमला. नंदिनीनं खाटेवर बसून दोन्ही पाय आत घातले. टाचेमागं जागा उरली होती. पाय थोडा हलवला, तर खोळा जागचा हलला नाही, पाऊलच आत सरकलं. तिनं मान वर केली. बाप समोर उभा होता, गळ्यात टेप, तोंडभर हसू, आणि शेजारची म्हातारी लीलाबाई म्हणत होती, बापानं पोरीचं सोनं केलं गं बाई.

"बराबर आहे का?" प्रेमदासनं विचारलं.

"बराबर आहे, बाबा," नंदिनी म्हणाली.

पूलवर सरांनी पात्याला हात लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी पातं गुडघ्यावर दाबून पाहिलं. त्यांच्यासारख्या धडधाकट माणसाला जोर लावावा लागला. परत पाठवता येईल का, त्यांनी विचारलं. प्रेमदासनं सांगितलं, घेत नाहीत. हे खरं की खोटं ते त्यानं विचारलंच नव्हतं. मग सर म्हणाले, हळूहळू घेऊ, एकदम जोर लावायचा नाही, पण जून जवळ आहे. पायाचं विचारलं तर नंदिनीनं त्यांनाही तेच उत्तर दिलं.

मार्चात तिनं बापाला पाण्यात घालायचे मोजे शिवून मागितले. म्हणाली, पाण्यात पाय गारठतात. वर्ध्याला! मार्चअखेरीस! त्या दिवसांत पूलचं पाणी दुपारी चहासारखं होतं, पोरं पायरीवर पाय ठेवताना हायहाय करतात, आणि हिचे पाय गारठतात. कुण्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. प्रेमदासच्या नाही पडला. त्यानं मेडिकलमधून गुडघ्याला घालायचे जाड रबरी पट्टे आणले, उकलले आणि झकास मोजे शिवून दिले. पुढच्या आठवड्यात तिनं आणखी एक जोड मागितला, पहिल्यावरून घालायला. तोही दिला. मागेल ते देत होता बिचारा, फक्त कशाला मागते ते विचारत नव्हता.

दर रविवारी तो पूलवर जाऊन बसायचा. जुन्या तडकलेल्या शेपटानं जी पोरगी पूलची लांबी दोनदा करून तिसरीच्या अर्ध्यात वर यायची, ती नव्या शेपटानं दुसरी लांबीही पुरी करेना. एप्रिल गेला, मे लागला, तरी तेच. वर आली की काठाला धरून कितीतरी वेळ लटकलेली असायची. सर सांगायचे, काका, तिची कंबर जास्त हलून राह्यली, पाय कमी. पातं तिला ऐकत नाही. प्रेमदासला वाटायचं, हा माणूस पोरीला फार जपतो. यंत्र चांगलं, सगळं चांगलं, मग उणं कुठं? उणं पोरीच्या मनात. निवड जवळ आली आणि हिनं हातपाय गाळले.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्याचा तोल गेला. नंदिनी मधेच वर आली, काठाला येऊन कपाळ टेकवून राहिली, आणि प्रेमदास सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "अंग चोरून राह्यली तू. मी कायकाय करून हे आणलं, अन् तू अंग चोरून राह्यली."

नंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं. चष्मा डोळ्यांवर ओढला, दम घेतला आणि परत खाली गेली. त्यानंतर तिनं अंग चोरलं नाही. सर नको म्हणत राहिले आणि ती सकाळ संध्याकाळ जीव तोडून शेपूट मारत राहिली. रात्री मीराबाई तिच्या कमरेला बाम चोळायची आणि नंदिनी तिच्याकडून शपथ घ्यायची, की बाबांना सांगू नको. मीराबाईनं सांगितलं नाही. या घरात सगळेच एकमेकांना जपत होते, देवा रे, एवढं जपत होते की कुणी खरं बोलेना.

जूनमध्ये नागपूरला निवड झाली. प्रेमदासनं दुकान बंद ठेवलं, शाळा सुरू व्हायच्या ऐन हंगामात, गिऱ्हाइकं दारात असताना. गॅलरीत पहिल्या रांगेत बसला. नंदिनीचं नाव पुकारलं. तिनं शेपूट चढवलं, छाती भरून घेतली आणि खाली गेली. पहिली लांबी छान झाली. वळताना मात्र एक पाय खोळ्यातून निम्मा निघाल्यासारखा दिसला. तिनं तो आत रेटला आणि पुन्हा शेपूट मारलं. मग पाण्यात तिचं अंग मधूनच मोडल्यासारखं थांबलं. वर आली ती तोंड उघडून, पण आवाज नाही. जीवरक्षकांनी धरलं. काठावर घ्यायला गेले तेव्हा मात्र ती ओरडली. मुकी म्हणत होते ना तिला? सगळ्या पूलनं ऐकलं.

दवाखान्यात मशीनमधून फोटो निघाले. डॉक्टरीणबाई स्वभावाच्या चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. कमरेचा खालचा मणका दोन्ही बाजूंनी तडकला आहे आणि जागेवरून पुढं सरकला आहे. तडा आजचा नाही, कित्येक आठवड्यांचा. पट्टा बांधायचा, पडून राहायचं, बरं झालं तर चालणं फिरणं सगळं होईल. सावकाश पोहताही येईल कदाचित. पण ते शेपूट पुन्हा नाही. अंगाची ती लाट पुन्हा नाही.

"या पोरीला महिनोन्महिने दुखत असणार," त्या म्हणाल्या. "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मीराबाईनं पदर तोंडात कोंबला. प्रेमदास बाईंच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसला.

घरी आणल्यावर त्यानं तिची बॅग उपसली. त्यात मोजे होते, त्यानं शिवलेले दोन जोड, आणि त्यांच्या आत टाचेशी कोंबलेले जुन्या ओढणीचे बोळे. बोळ्यांवर वाळलेलं रक्त होतं. लेकीच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं तर टाचांची कातडी सोललेली, कुठं ओली, कुठं काळी पडलेली. ती झोपेचं सोंग घेऊन पडली होती. त्यानं पांघरूण परत नीट केलं आणि दुकानात येऊन बसला. दारातली माणसं ओरडत होती, गणवेश कधी देता? त्याला ऐकू येत होतं, पण हात मशीनकडं जाईना. माझ्या लेकीचे पाय मीच फाडले, असं त्याच्या मनात आलं ते मग दिवसभर हटलं नाही.

जुलैत अश्विन सर आले. फार अवघडून बसले होते. सेलूचा निकेश नावाचा एक उंच पोरगा आहे, मोठ्यांच्या गटातला, त्याचं शेपूट मोडलं आहे, तुमची हरकत नसेल तर... प्रेमदास उठला, शेपूट काखेत मारलं आणि स्वतःच सायकलनं पूलवर घेऊन गेला.

निकेशनं पाय आत सारले. मोजा नाही, बोळा नाही, काही नाही. बसले, जसे हातमोज्यात हात बसावे. पोरगा म्हणाला, काका, जसं मायासाठीच बनवलं. सरांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मग तो पाण्यात उतरला आणि दम घेऊन खाली गेला.

आणि प्रेमदासनं ते पाहिलं. पातं वाकत होतं. खाली जाताना वर वाकायचं, वर येताना खाली, टोकापर्यंत वाकायचं आणि सुटायचं, आणि पोरगा त्या सुटण्यावर सरसर पुढं जायचा, काहीच जोर न लावता. चार महिने दर रविवारी हा बाप त्या काठावर बसला होता आणि त्यानं ते पातं एकदाही वाकलेलं पाहिलं नव्हतं. ते वाकायचं असतं हेच त्याला कळलं नव्हतं. सरांनी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि बघितलेलं सारखं थोडंच असतं. लेकीचं शेपूट सरळसोट फळीसारखं जायचं आणि त्याला वाटायचं, काय मजबूत माल आहे. निकेश दुसरी लांबी करून तिसरीला वळला तेव्हा प्रेमदास उठून चालू लागला. सायकल तिथंच राहिली, तो चालतच सिंदी मेघेला आला.

नंदिनी खिडकीशी खाटेवर पडलेली होती, कमरेला पट्टा. मीराबाई भाजी निवडत होती. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ताट उचलून आत गेली. प्रेमदास खाटेच्या कडेला बसला.

"तुले पहिल्या दिवशीच समजलं होतं," तो म्हणाला. "मोठं होतं, कडक होतं. तू काऊन नाई सांगतलं मले?"

ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण राग नव्हता.

"माया अंगाले पहिल्या दिवशी बराबर काई आलंच नाई कधी, बाबा. तुम्ही शिवलेलं सगळं आधी मोठंच राहे, मग घालून घालून यायचं. मले वाटलं, हेही येईल. मीच कमी पडून राह्यली असं वाटलं."

प्रेमदासला तिच्या पायावर हात ठेवावा असं वाटलं, पण टाचा अजून ओल्या होत्या. बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं, दुकान बंद बघून गेलं. मग नंदिनीनंच विचारलं.

"निकेशले दिलं ना?"

"हो."

"त्याच्या पायात वाकते का?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्यानं मान डोलावली. "वाकते."

"किती?"

प्रेमदासनं हात पुढं धरला, तळवा खाली करून, आणि बोटं हळूहळू वाकवून दाखवली, मग सोडली. नंदिनी त्या हाताकडं बघत राहिली. परत एकदा दाखवा म्हणाली. त्यानं परत दाखवलं.

"हं," ती म्हणाली. "तेवढंच पाहिजे." मग पट्ट्यात वळेल तेवढं अंग वळवून तिनं भिंतीकडं तोंड केलं, आणि प्रेमदास तिच्या पाठीमागं हात तसाच पुढं धरून बसून राहिला.